असू दे, लागेल कधीतरी

वस्तू घरात कधी एकटी येत नाही. ती आली की तिच्यामागे तिचा सगळा गोतावळा येतो. नवीन फोन घेतला की त्याला कव्हर लागतं, मग स्क्रीनवर काच, मग जुने इअरफोन त्याला बसत नाहीत म्हणून नवे, आणि जुना फोन चांगला चालत असतो म्हणून टाकवत नाही, तो चार्जरसकट ड्रॉवरमध्ये जातो, 'असू दे, लागेल कधीतरी' असं म्हणत. तो ड्रॉवर प्रत्येकाच्या घरात असतो. त्यात कशाच्या ते आठवत नाही अशा किल्ल्या असतात, कुठल्या मशीनच्या ते माहीत नाही अशा वायरी असतात, आणि त्यातलं काहीच लागत नाही पण ड्रॉवर मात्र दर काही वर्षांनी अजून एक लागतो.

हे काही आजचं नाही. दनी दिदरो नावाचा अठराव्या शतकातला फ्रेंच विचारवंत होता, त्याच्याकडे घरात घालायचा एक जुना झगा होता. पुस्तकावर धूळ बसली तर त्याच झग्याने पुसायची, लेखणीतली शाई अडकली तर त्यालाच टिपायची, असा त्याचा वापर. मग त्याच्याकडे एक छान लालभडक नवा झगा आला. आणि तो आल्यावर खोलीतलं बाकी सगळंच त्याला गरीब दिसायला लागलं. गवताच्या विणीची खुर्ची गेली, चामड्याची आली, टेबल बदललं, भिंतीवरची चित्रं बदलली. 1769 मध्ये त्याने ह्यावर एक छोटा लेख लिहिला, जुना झगा टाकल्याचं दुःख सांगणारा, आणि त्यात तो म्हणतो की जुन्या झग्याचा मी पूर्ण मालक होतो, नव्याचा गुलाम झालोय. पुढे 1988 मध्ये ग्रँट मॅक्रॅकन ह्या कॅनेडियन मानववंशशास्त्रज्ञाने ह्या साखळीला 'दिदरो इफेक्ट' असं नाव दिलं.

मला त्यात सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट ती गुलामीची नाही, धूळ पुसण्याची आहे. जुन्या झग्याने तो पुस्तकं पुसू शकत होता! नव्याला डाग पडेल म्हणून जपायला लागलं. म्हणजे वस्तू जितकी भारी तितकी ती आपल्या उपयोगी पडायच्या ऐवजी आपणच तिच्या उपयोगी पडायला लागतो. माझ्याकडे चांगल्या प्रसंगाला घालायचे म्हणून ठेवलेले कपडे होते, आणि ते चांगले प्रसंग इतके कमी यायचे की कपडे कपाटात राहून राहूनच जुने झाले, आणि मी मात्र रोज तेच दोनचार साधे ड्रेस फिरवून फिरवून घालत होते आणि त्यातच मला मोकळं वाटत होतं. मग एकदा शांतपणे विचार केला की मला मोकळं कशात वाटतं हे जर माहितीच आहे तर बाकीचं कपाट कोणासाठी भरलंय?

कमी सामानात राहायचं हे मी काही ठरवून, तारीख बघून सुरू केलं नाही. हळूहळू होत गेलं. आधी कपडे, मग स्वयंपाकघरातली डबल डबल भांडी, मग कागदपत्रं, आणि मग लक्षात आलं की प्रत्येक वस्तू गेली की तिच्याबरोबर एक छोटंसं काम पण जातंय. पुसायचं काम, शोधायचं काम, दुरुस्तीला न्यायचं राहिलंय ह्याची आठवण ठेवायचं काम. हे शेवटचं सगळ्यात थकवणारं. कोपऱ्यात बंद पडलेला पंखा ठेवलेला असतो ना, आपण त्याच्याकडे बघत पण नाही, पण रोज त्याच्यासमोरून जाताना मनात कुठेतरी 'अरे हे राहिलंय' असं बारीक टोचतंच. असे दहावीस पंखे असले की माणूस काहीही न करता दमतो.

लॉस एंजेलिसमध्ये ह्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या विद्यापीठातल्या संशोधकांनी 32 मध्यमवर्गीय कुटुंबांच्या घरात जाऊन, दिवस दिवस राहून, कॅमेरे लावून त्यांचं रोजचं जगणं टिपलं होतं. नुसत्या समोर दिसणाऱ्या वस्तू मोजता मोजता ते लोक थकले. गाडीसाठी बांधलेल्या बहुतेक गॅरेजमध्ये गाडी मावतच नव्हती, सगळं सामान. आणि मागे हौसेने सजवलेलं अंगण, तिथे आईवडील निवांत बसलेत असं फारसं दिसतच नव्हतं. ते वाचून मला वाईट वाटलं खरं तर. अंगण आहे, खुर्च्या आहेत, आणि बसायला वेळ नाही कारण ते सगळं मिळवायचं आणि सांभाळायचं काम संपत नाही.

त्याच अभ्यासातून 2010 मध्ये एक निरीक्षण छापून आलं होतं. ज्या बायका आपलं घर दाखवताना पसारा, अर्धवट राहिलेली कामं ह्याबद्दल जास्त बोलल्या, त्यांच्या शरीरात कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं हार्मोन, दिवस मावळेपर्यंत जसं उतरायला पाहिजे तसं उतरत नव्हतं. आता ह्यावरून पसाऱ्यामुळेच ताण येतो असं सरळ म्हणता येणार नाही, उलटं पण असू शकतं, आधीच ताणात असलेल्या बाईला पसारा जास्त दिसत असेल. पण मला त्यात अजून एक गोष्ट दिसते, ती म्हणजे घरातलं सामान आणतं कोणीही, पण 'हे आवरायचंय' हे ओझं घरातल्या एकाच माणसाच्या डोक्यावर असतं. आणि ते माणूस कोण हे सांगायची गरज नाही. त्यामुळे घरातलं सामान कमी करणं हा मला नुसता सौंदर्याचा प्रश्न कधीच वाटला नाही. पांढऱ्या भिंती आणि एक कुंडी असे जे फोटो असतात ना मिनिमलिझमचे, म्हणजे कमी वस्तूंत राहण्याच्या शैलीचे, त्याच्याशी मला काही देणंघेणं नाही. घरात कोणाच्या तरी डोक्यावरचं ओझं उतरतंय का, एवढंच.

आता वस्तू सोडवत का नाही हे बघू. 1990 मध्ये डॅनियल काहनमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर ह्या तीन संशोधकांचा एक प्रयोग छापून आला, तो खूप साधा आहे. वर्गातल्या अर्ध्या मुलांना कॉफीचे मग दिले, तुमचेच आहेत म्हणून. बाकीच्यांना नाही दिले. मग मगवाल्यांना विचारलं कितीला विकाल, आणि बाकीच्यांना विचारलं कितीला घ्याल. तसाच मग, त्याच वर्गातली मुलं, पण ज्यांच्या हातात मग होता त्यांनी साधारण दुप्पट किंमत सांगितली. कसल्याही आठवणी नाहीत त्या मगाशी जोडलेल्या, नुकताच हातात पडलाय, तरी 'माझा' झाला की महाग होतो.

हे कळल्यावर मी आवरताना स्वतःला विचारायचा प्रश्नच बदलला. आधी मी विचारायचे, हे टाकू का? त्याचं उत्तर नेहमी नको असंच यायचं. आता विचारते, ही वस्तू आज माझ्याकडे नसती तर मी उठून ती आणायला गेले असते का? बघा एकदा करून. एवढ्या शब्दांच्या फरकाने निम्मं कपाट रिकामं होतं, आणि जे राहतं ते इतकं आपलं वाटतं की त्याची काळजी घ्यावीशी वाटते, तुटलेलं बटण लगेच लावलं जातं.

पण ह्या प्रश्नाला न जुमानणाऱ्या काही वस्तू असतात. वडिलांचा स्वेटर. तो मी आणायला गेले नसते, तो मला होतही नाही, उबेसाठी माझ्याकडे दुसरा आहे. आणि तरी तो माझ्याकडे आहे आणि राहणार आहे.

मायकल लँडी नावाच्या ब्रिटिश कलाकाराने 2001 मध्ये लंडनला एका बंद पडलेल्या मोठ्या दुकानात एक विलक्षण गोष्ट केली होती. स्वतःच्या मालकीच्या सगळ्याच्या सगळ्या वस्तूंची यादी केली, 7,227 वस्तू झाल्या, आणि मग दोन आठवडे लोकांच्या देखत, माणसं कामाला लावून, एकेक वस्तू पट्ट्यावरून फिरवून सुटी करून त्याचा भुगा केला. गाडी, पासपोर्ट, पत्रं, फोटो, स्वतःची चित्रं, सगळं. त्यात त्याच्या वडिलांचा मेंढीच्या कातड्याचा कोट होता. वडील बोगदे खणायच्या कामावर होते, अपघातात जायबंदी झाले आणि तो जड कोट त्यांना नंतर घालता आला नाही. तो कोट लँडीला सगळ्यात जड गेला, तो त्याने शेवटाकडे ढकलत नेला. आणि मग तोही गेला.

मी त्या माणसाचं धाडस समजू शकते, ती कला होती आणि त्याला जे विचारायचं होतं ते त्याने पूर्ण विचारलं. पण जगायचा मार्ग म्हणून मला ते मान्य नाही. कोट नष्ट केल्याने वडिलांची आठवण शुद्ध होत नाही. काही वस्तू ह्या वस्तू नसतातच, त्या माणसाचा उरलेला स्पर्श असतात, आणि तेवढी जागा घरात असलीच पाहिजे. माझं म्हणणं फक्त एवढंच की ती जागा तशाच वस्तूंना मिळावी, वायरींच्या गुंत्याला नाही. वडिलांच्या पाच गोष्टी कपाटात दडपलेल्या असण्यापेक्षा एक स्वेटर समोर हुकवर असेल तर तो रोज दिसतो, कधी हात फिरवला जातो.

इथे मला गांधीजींची एक गोष्ट सांगायचीच आहे, कारण ह्या सगळ्या विषयावर त्याहून शहाणं मी काही वाचलेलं नाही. रिचर्ड ग्रेग नावाचा एक अमेरिकन माणूस 1925 मध्ये भारतात आला, गांधीजींजवळ राहिला. पुढे 1936 मध्ये स्वेच्छेने स्वीकारलेल्या साधेपणावर त्याने जे लिहिलं, त्यातूनच आजच्या ह्या सगळ्या चर्चेची एक धार निघाली. तर ह्या ग्रेगने गांधीजींना सांगितलं की बाकीचं बरंच मी सहज सोडू शकतो, पण माझं मन हावरट आहे, मला माझी पुस्तकं ठेवायची आहेत. आपल्याला वाटेल गांधीजी म्हणाले असतील की मग तेवढीच परीक्षा आहे, सोड. ते म्हणाले, मग सोडू नकोस. ज्या वस्तूतून आतून आधार मिळतो ती ठेवावी. त्यागाच्या भरात किंवा कर्तव्य म्हणून दात ओठ खाऊन सोडलीस तर ती परत हवीशी वाटत राहील आणि ती अपुरी इच्छा त्रास देईल. दुसरं काहीतरी इतकं हवंसं वाटू दे की त्यापुढे ह्या वस्तूची ओढच राहणार नाही, तेव्हाच ती सोड.

हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसले होते. कारण कमी वस्तूंचं जगणं म्हटलं की सगळीकडे आकडेच येतात, इतकेच कपडे, इतकेच जोडे, इतक्याच वस्तूंत संसार. आणि आकड्याच्या मागे लागलेलं मन हे वस्तूंच्या मागे लागलेल्या मनापेक्षा वेगळं नसतं, त्यालाही चैन पडत नाही, त्यालाही शेजाऱ्याकडे बघून कमी-जास्त मोजायचं असतं. गांधीजी वस्तू मोजत नव्हते, ओढ बघत होते. माझा अनुभव अगदी तसाच आहे. ज्या गोष्टी मी जबरदस्तीने टाकल्या त्या कधी ना कधी परत घरात आल्या, दुसऱ्या रंगात, दुसऱ्या कंपनीच्या. आणि ज्यांची ओढ आतूनच संपली, म्हणजे संध्याकाळी चालायला जायची गोडी लागल्यावर खरेदीला जायची जी इच्छा गळून पडली, ती परत आली नाही. मला तिच्याशी भांडावं पण लागलं नाही.

पण घरात आपण एकटे नसतो. आईचं आणि माझं ह्यावरून पुष्कळ वेळा झालंय. मी काही बाहेर काढलं की आई ते परत आत नेणार, 'असू दे गं, लागेल कधीतरी'. रिकाम्या बरण्या, चांगल्या पिशव्या, गिफ्टचे कागद घड्या करून ठेवलेले. चीनमध्ये सोंग दोंग नावाचा कलाकार आहे, त्याच्या आईची गोष्ट वाचल्यावर मला माझी आई जास्त कळली. त्याची आई झाओ श्यांगयुआन टंचाईच्या काळातून आलेली, वाया काही घालवायचं नाही हेच तिचं आयुष्य. 2002 मध्ये नवरा गेला आणि तिचं साठवणं इतकं वाढलं की घरात फिरायला जागा राहिली नाही. मुलाने ते टाकलं नाही, तिलाच सोबत घेतलं, आणि 2005 मध्ये बीजिंगला ते सगळं नीट मांडून प्रदर्शन केलं, 10,000 पेक्षा जास्त वस्तू, टूथपेस्टच्या ट्यूबा, बाटल्या, कापडाचे तुकडे, साबणाच्या वड्या. साबण तिने मुलासाठी जमवलेला होता, रेशनच्या दिवसांत, की त्याला पुढे कमी पडू नये. त्याच्याकडे तर वॉशिंग मशीन होतं. तिथे ती स्वतः वस्तू लावायला आणि आलेल्या लोकांशी बोलायला असायची, आणि त्या बोलण्यातून ती बाई हळूहळू परत माणसांत आली.

तेव्हापासून मी आईच्या बरण्यांना हात लावत नाही. टाकणं ज्याला सोपं जातं त्याला परत मिळेल ही खात्री असते, आणि ही खात्री ही फार मोठी श्रीमंती आहे, ती सगळ्यांकडे नसते. ज्याच्याकडे कमी आहे त्याला कमीत राहण्याचं सुख सांगायला कोणी जाऊ नये असं मला अगदी मनापासून वाटतं. पैशाने सुख वाढतं की नाही ह्यावर किती वर्षं वाद चाललेत, 2010 मध्ये तेच मगाच्या प्रयोगातले काहनमन आणि अर्थतज्ज्ञ अँगस डीटन म्हणाले की एका मर्यादेनंतर रोजचा आनंद वाढत नाही, नंतर मॅथ्यू किलिंग्सवर्थ ह्या संशोधकाला वेगळं दिसलं, शेवटी 2023 मध्ये काहनमन आणि किलिंग्सवर्थ एकत्र बसले आणि बहुतेकांच्या बाबतीत आनंद उत्पन्नाबरोबर वाढतच राहतो असं निघालं, जे मुळातच फार दुःखी आहेत त्यांच्या बाबतीत मात्र तो एका पातळीनंतर थांबतो. म्हणजे पैसा नकोच असं म्हणण्यात काही अर्थ नाही. माझ्यापुरतं मी एवढंच बघते की आलेल्या पैशातून मी वेळ घेते की वस्तू.

कारण वस्तूची सवय फार लवकर होते. नवा पडदा पहिल्या आठवड्यात दिसतो, नंतर दिसतच नाही, तो आहे की नाही ते पाहुण्यांनी विचारल्यावर कळतं. लीफ व्हॅन बोव्हन आणि थॉमस गिलोविच ह्या मानसशास्त्रज्ञांनी 2003 मध्ये दाखवलं होतं की लोकांना वस्तूंवरच्या खर्चापेक्षा अनुभवांवरचा खर्च जास्त सुख देऊन गेलेला वाटतो. पटतं. पण अनुभव सुद्धा जमवता येतात हं, इतकी ठिकाणं बघितली, इतके फोटो काढले, आणि फोनची मेमरी भरली म्हणून अजून मेमरी विकत घेतली. तीच ड्रॉवरची गोष्ट, फक्त दिसत नाही एवढंच.

घर थोडं मोकळं झाल्यावर मला एक गोष्ट अनपेक्षित जाणवली, सुरुवातीला बरं वाटत नाही. शनिवारी आवरायला काही नाही, घ्यायला जायचं काही नाही, आणि हातात एक अख्खी दुपार येते जिचं काय करायचं कळत नाही. लगेच फोन हातात जातो. ती अस्वस्थता थोडी सोसावी लागते. मी खिडकीशी नुसती बसायचे, कंटाळायचे, उठायचे, परत बसायचे. मग कधीतरी त्या कंटाळ्याच्या पलीकडे गेले आणि वाचन परत सुरू झालं, मैत्रिणींना मेसेजऐवजी फोन व्हायला लागले, बोलताना घाई नाही, आणि एका संध्याकाळी जाणवलं की बऱ्याच दिवसांत मला काही 'हवंय' असं वाटलेलंच नाही. सुख म्हणावं असा मोठा आनंद वगैरे नव्हता तो. भूक नसताना पोट कसं शांत असतं, तसं मन शांत होतं. समाधान हेच असावं असं मला वाटतं, आणि ते रोज असतं असंही नाही.

सगळ्यात अवघड वस्तू कुठल्या विचाराल तर त्या आठवणींच्या पण नाहीत. त्या असतात आपण जे होणार होतो त्या माणसाच्या वस्तू. माझी गिटार होती, मी वाजवणार होते. परदेशी भाषा शिकायची पुस्तकं होती, मी शिकणार होते. ही गिटार देऊन टाकणं म्हणजे ती वाजवणारी मी आता होणार नाही हे स्वतःशी मान्य करणं, आणि ते वस्तू टाकण्यापेक्षा कितीतरी वेगळं दुःख आहे. मी ती शेवटी आमच्या बिल्डिंगमधल्या एका मुलीला दिली, ती रोज तासभर बसते, बोटं सोलवटून घेते. पुस्तकं एका वाचनालयाला गेली. दोन्ही वेळेला डोळ्यांत पाणी आलं आणि दोन्ही वेळेला नंतर हलकं वाटलं, कारण भिंतीला टेकून उभी असलेली ती गिटार मला रोज काहीतरी विचारायची.

रंग मात्र ठेवलेत. चित्रकलेचे, ट्यूबमधले, थोडे वाळलेले. त्यांना तो आधीचा प्रश्न विचारला तर उत्तर येतं की हो, नसते तर मी आणायला गेले असते. रविवारी सकाळी काढते, झाडं, खिडकीतून दिसणाऱ्या गच्च्या, कोणाला दाखवत नाही. पूर्वी नवे ब्रश, नवे कागद बघत बसायचे, आता जे आहे त्यात काढते, निळा संपत आलाय म्हणून आकाश हल्ली करडं होतं. निळा आणायचा का ते ट्यूब पूर्ण संपल्यावर बघू.